बटण म्हणायचं नाही

आमच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानात एका वर्षी आषाढापासून दसऱ्याच्या सुमारापर्यंत 'बटण' हा शब्द उच्चारायला बंदी होती. दुकान किराण्याचं असतं तर चाललं असतं. आमचं दुकान वर्दी शिवणाऱ्याचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, वरचं बटण तुटलंय," आणि मी म्हणायचो, "गुंडी लावून देतो." गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा वैजापूरकडचा, जुन्या वळणाचं बोलतो. पण ही बंदी माझी नव्हती. ती घातली होती आमच्या काज-बटण करणाऱ्या रंगनाथनं, आणि मालक असूनही मी ती निमूटपणे पाळत होतो.

बाहेरगावच्या वाचकांना आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शहरात नशेच्या गोळ्यांना 'बटण' म्हणतात. हे नाव कोणी पाडलं, देव जाणे. कोणी म्हणतं गोळी गोल आणि चपटी असते म्हणून, कोणी म्हणतं ती घेतली की डोकं बटण दाबल्यासारखं बंद पडतं म्हणून. असतात त्या झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या औषधाच्या गोळ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा, आणि तरी मिळणाऱ्या. पेपर उघडला की दर चार दिवसांनी 'बटणविक्रेत्यास अटक'. माझ्या धंद्यातला सगळ्यात निरुपद्रवी शब्द असा भर दिवसा चोरीला गेला. निम्मं पोलीस खातं माझं गिऱ्हाईक, पण ह्या चोरीची तक्रार कुठं नोंदवायची ते मला आजवर कळलेलं नाही.

दुकान माझ्या वडलांनी काढलं. पोलीस अॅक्शननंतर ते वैजापूरहून इथं आले. निजामाचं राज्य गेलं होतं, पोलीस बरेचसे तेच होते, नव्या वर्दीचं कापड अजून यायचं होतं. तोवर जुन्याच कोटांची निजामी बटणं उसवून नवी लावायचं काम त्यांना मिळालं. "राज्य बदललं ते मला पेपरातून नाय कळलं, बटणावरून कळलं," असं ते सांगायचे. त्या कामावर दुकान उभं राहिलं आणि पुढं मी ते चाळीसेक वर्षं चालवलं.

वर्दीच्या दुकानात बसलं की माणसाची बढती आणि त्याचं पोट दोन्ही एकदमच कळतात. बढती झालेला माणूस माप देताना श्वास आत ओढून उभा राहतो. मी टेप हातात धरून इकडचं तिकडचं बोलत राहतो. कधी तरी तो श्वास सोडतोच, तेव्हाच माप घ्यायचं. एका निलंबित अधिकाऱ्यानं निलंबनाच्या काळात दोन नव्या वर्द्या शिवून घेतल्या होत्या. म्हणाले, "मास्तर, घरी बसून जाड व्हायलोय. परत घेतील तेव्हा जुनी बसायची नाही." घेतलं परत. त्या दिवशी पेढ्यांचा पुडा दुकानात आधी आला, देवळात नंतर गेला. निवडणूक आली की पुढाऱ्यांचे पांढरे शर्ट शिवायला यायचे. आमच्या भागातले एक नगरसेवक, त्यांना सगळे भाऊच म्हणत, त्यांच्या शर्टाला बाहेरून एक खिसा आणि आतून दोन लागायचे. आतल्या खिशांचं कारण मी कधी विचारलं नाही. एका दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या देणारे कुलकर्णी यायचे. त्यांच्या बिनबाह्यांच्या जाकिटाला इतके खिसे की पेन कुठल्या खिशात आहे हे शोधण्यातच त्यांचा निम्मा दिवस जात असावा. एकंदरीत चोर सोडून सगळे आमच्याकडं यायचे. चोरही येत असतील, पण तसं कोणी बोलून दाखवलं नाही.

आता रंगनाथ. शिवणकामात कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, आणि काज-बटण करणारा वेगळा. काज म्हणजे ज्या भोकात बटण जातं ते. लोकांना वाटतं ते काम शेवटचं आणि फुटकळ. मशीन आल्यापासून बहुतेक दुकानांत ते मशीनवरच होतं. पण वर्दीच्या खांद्यावरच्या पट्टीला आत जाड अस्तर असतं, तिथं हाताच्या काजाची सर येत नाही. चांगल्या कापडाला पटाशीनं भोक पाडायचं आणि मग त्या भोकाची अब्रू राखेल अशी टाक्याला टाका लावून कड बांधायची. बटण कापडाला कधी चिकटवून शिवायचं नाही. दोरा थोडा सैल सोडून त्याच्याभोवती वेढे द्यायचे, म्हणजे बटणाला मान येते. मान असली की बटण वळतं, ओढ सहन करतं, तुटत नाही. हे सगळं मी सांगतोय ते बोलण्यापुरतं. मी स्वतः केलेलं काज डोळे आल्यासारखं दिसतं. ते काम रंगनाथचं.

रंगनाथही वैजापूर तालुक्यातलाच. रानाचा वाटा भावांकडं सोडून तो शहरात आला आणि चिकलठाण्याच्या बाजूला खोली करून राहिला. बोलणं कमी, रोज एकच कापडी पिशवी, तिच्यात डबा, सुया, दोरे आणि बटणांच्या डब्या. बायको आजारपणात गेली. एक मुलगी, सोनाली. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि रंगांप्रमाणं बटणं वेगळी करत बसायची. मोठी झाल्यावर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटे रस्त्यानं पळायची, गोळाफेकीचा सराव करायची, रात्रीचं जेवण झालं की पुस्तक. आधी एकदा थोडक्यात हुकली. त्या वर्षी मैदानी परीक्षा झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. राहिली होती फक्त कागदपत्रं आणि चारित्र्य पडताळणी. म्हणजे उमेदवार राहतो तिथल्या ठाण्यानं कळवायचं, की ह्या व्यक्तीबद्दल वाईट काही नाही. तिच्या वर्दीचं कापड मी ताग्यातून कापून वेगळं ठेवलं होतं. रंगनाथ येता-जाता त्याला हात लावून बघायचा.

त्याच दिवसांत मुंबईहून ती मालिका आली.

मालिकेचं नाव सांगत नाही, ज्यांनी पाहिली त्यांना कळेलच. त्यात एक सरळ इन्स्पेक्टर होता, एक बेरकी आमदार, एक दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा संपादक, आणि शहरभर बटण विकणारा एक इसम. म्हणजे माझं सगळं गिऱ्हाईकच पडद्यावर जाणार होतं. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतला एक बंद कारखाना त्यांनी चित्रीकरणासाठी घेतला. कपडेपट सांभाळायला रेवतीमॅडम आल्या होत्या. तरुण बाई, पण कामात पक्की. इथल्या वर्द्या इथंच शिवायच्या म्हणून त्या माझ्याकडं आल्या आणि मला सगळ्या कपड्यांचा इथला कारभारीच करून टाकलं.

उतारवयात सिनेमाचं काम मिळाल्यावर मी थोडा चढलो, हे कबूल करतो. बटण विकणाऱ्याचे कपडे ठरवताना मी उत्साहानं सुचवलं: काळा चकचकीत शर्ट, गळ्यात साखळी, हातात कडं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मास्तर, तो तुमच्या शेजारच्या माणसासारखा दिसला पाहिजे. पाहिल्यावर कोणाला संशयच यायला नको." मग त्याला साधी पँट, फिकट चौकड्यांचा शर्ट आणि हातात एक कापडी पिशवी दिली. त्या नटाला तसं बघितलं आणि मला वाटलं, हे काही जमलं नाही, हा तर आपला रंगनाथच दिसतोय. मी ते रंगनाथला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्याला म्हणावं, शर्टाचं दुसरं काज ढिलं झालंय, आधी ते नीट कर."

मजा चालली होती. इन्स्पेक्टरचं काम करणारा नट एकदा वर्दीतच बाहेरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. तिथं एका रिक्षावाल्यानं त्याला बघून आपणहून कागद काढले आणि आपला मेहुणा आजारी असल्याचं सांगायला लागला. नट बिचारा गोंधळून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहिला. त्या दिवसापासून मॅडमनी नियम केला, की वर्दी अंगावर असो की पिशवीत, ती चित्रीकरणाच्या जागेबाहेर एकटी जाणार नाही. नियम चांगला होता. फक्त दुकानापासून जागेपर्यंत ती कशी जाणार, ह्याचा विचार कोणी केला नव्हता.

ती नेहमी रंगनाथबरोबर जायची. त्याचं घर त्याच वाटेवर. त्या दिवशी सकाळी कारखान्यावरून फोन आला, की इन्स्पेक्टरच्या वर्दीची बटणं कॅमेऱ्यात फार चमकतात, दुकानातल्या दोन्ही नव्या वर्द्यांची बदलून पाठवा आणि जास्तीचीही द्या. शिवाय मुंबईहून नेपथ्यवाल्यांचं एक पार्सल आमच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं, तेही पाठवा. रंगनाथनं बटणं बदलली, वर्द्या घडी घातल्या, डब्या आणि पार्सल पिशव्यांत भरलं आणि मोपेडवर निघाला. पार्सलमध्ये काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नाही. त्यात होत्या मालिकेत दाखवायच्या खोट्या नशेच्या गोळ्यांच्या पट्ट्या.

जालना रस्त्यावर त्या दिवशी नाकाबंदी होती. पुढचं मी रंगनाथकडूनही ऐकलंय आणि त्या नाक्यावरच्या शिपायाकडूनही. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नाही.

शिपायानं विचारलं, "काय आहे पिशवीत?"

जन्मभर दिलेलं उत्तर रंगनाथनं दिलं. "बटणं."

शिपायाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"बटणं, साहेब. लई हायेत. मोजलेली नाय."

"कुणाची?"

"पोलिसांची. तुमच्या मोठ्या साहेबांच्या वर्दीला असत्यात ना, तीच."

पिशव्या उघडल्या, पार्सल फोडलं. एका पिशवीत इन्स्पेक्टरच्या दोन कोऱ्या वर्द्या, दुसरीत गोळ्यांच्या पट्ट्यांचा गठ्ठा. मी त्या शिपायाला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही रंगनाथला ठाण्यात नेलं असतं.

फोन आल्यावर मी आणि रेवतीमॅडम धावत गेलो. रंगनाथ बाकावर बसला होता. हातात सुई नसताना मी त्याला क्वचितच पाहिलेलं. तो आपल्या शर्टाचं बटण काजातून काढत होता आणि परत घालत होता. मला बघून एकच बोलला, "सोनीला सांगू नका."

ठाण्याचे मोठे साहेब घुगे. माझं गिऱ्हाईक नव्हते, तयार कपडे घेणाऱ्यांपैकी. त्यांनी मॅडमचं सगळं ऐकून घेतलं, मग औषध निरीक्षकांना बोलावलं. निरीक्षकांनी पट्टी फोडली, गोळी पाहिली, कुटली, वास घेतला. कॅल्शियम. तरी नमुना ठेवून घेतला, आणि रंगनाथला जायला सांगितलं. गुन्हा नाही, काही नाही. घुगे साहेबांनी झापलं ते मॅडमना. "वर्द्या आणि असल्या गोळ्या एका गाडीवर, बरोबर साधं पत्र नाही? हा माणूस तुमचा आहे ना? मग त्याची काळजी कोण घेणार?" मॅडमनी मान खाली घातली. साहेब बोलले ते खरंच होतं.

आम्ही हसत-हसत बाहेर पडलो. संपलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलकर्ण्यांच्या पेपरात पहिल्या पानावर मथळा होता: 'वर्दीआडून बटणे? मालिकेच्या सेटवर निघालेला साठा पकडला.' खाली रंगनाथचं पूर्ण नाव, गावासकट. त्यांना नाक्यावरची खबर लागली आणि पान लवकर छपाईला सोडायचं होतं. निरीक्षक काय म्हणाले हे विचारेपर्यंत बातमी पुढं गेली होती. मथळ्यातलं ते प्रश्नचिन्ह त्यांच्या बाजूनं होतं. पण वाचणारा प्रश्नचिन्ह वाचत नाही.

मग प्रत्येकाला रंगनाथचा काही ना काही उपयोग सापडला. भाऊ चार कार्यकर्ते आणि काळ्या फिती घेऊन कारखान्याच्या फाटकावर आले आणि ही मालिका शहराची बदनामी करते म्हणून घोषणा देऊ लागले. अंगात माझ्या दुकानातला शर्ट होता, काजं रंगनाथनं केलेली. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, तो आपला रंगनाथ आहे." भाऊ हळूच म्हणाले, "मला काय कळत नाही का, मास्तर? त्याला म्हणावं मनावर घेऊ नको, हे आपलं मालिकेच्या विरोधात आहे." मालिकेचा प्रसिद्धी बघणारा माणूस तर खूष होता; म्हणे अशी जाहिरात विकत घेऊन मिळत नाही. रंगनाथवर कोणाचाच राग नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. राग असता तर कोणी तरी त्याच्याकडं नीट बघितलं तरी असतं.

गल्लीतली माणसं मात्र बघायला लागली. इतकी वर्षं जी पिशवी कोणाच्या नजरेत आली नव्हती तिच्याकडं बघायला लागली. शेजारच्या माणसासारखा दिसला पाहिजे, हे मॅडमचं वाक्य मला तेव्हा फार लागलं. गावाकडून भावाचा फोन आला, "हे काय ऐकतोय?" सोनालीच्या बरोबर पळणाऱ्या मुलींपैकी दोघी वेगळ्या वेळी पळायला लागल्या. रंगनाथ मला म्हणाला, "माझं काय नाय, मास्तर. पन पडताळणीला कुणी पेपर दाखवला तर? पोरीनं पायाची कातडी काढली पळून-पळून."

मी कुलकर्ण्यांकडं गेलो. माणूस वाईट नव्हता. खरं कळल्यावर चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, "मास्तर, उद्या खुलासा छापतो. मी स्वतः लिहितो."

त्यांनी लिहिला. शब्दाचे दोन अर्थ वाचकाला कळावेत म्हणून नशेच्या बटणांना अवतरणचिन्हं घातली, आपल्या बटणांना घातली नाहीत. पण पेपरात तेव्हा संगणकावर अक्षरांचं नवं वळण, म्हणजे फॉन्ट, बसवत होते आणि एका वळणातून दुसऱ्यात जाताना अवतरणचिन्हं गळून पडली. आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींच्या वर, खुलासा आला तो असा:

'जालना रस्त्यावर पकडण्यात आलेली बटणे ही बटणे नसून बटणेच असल्याचे निष्पन्न झाले आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.'

वाचकांनी घेतली. दुपारपर्यंत त्याचा फोटो शहरातल्या प्रत्येक फोनवर गेला. ज्यांनी मूळ बातमी वाचली नव्हती त्यांनीही ती आता शोधून वाचली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. रंगनाथनं मात्र चष्मा लावून ते वाक्य सावकाश वाचलं, परत वाचलं, आणि पेपर माझ्यापुढं ठेवून विचारलं, "मास्तर, ह्याच्यात मी सुटलो का अडकलो?"

माझं हसू तिथंच संपलं.

संध्याकाळी कुलकर्णी स्वतः दुकानात आले. ओशाळले होते. म्हणाले, आणखी एकदा छापतो, ह्या वेळी ठळक. रंगनाथनं हात जोडले. "नको, साहेब. तिसऱ्यांदा छापलं तर सोनी राहील बाजूला, मीच भरती व्हईन कुठंतरी." कुलकर्णी हसले नाहीत. जाकिटाच्या सगळ्या खिशांत हात घालून पाहिले आणि काही न सापडल्यासारखे निघून गेले.

त्या दिवसापासून दुकानात बंदी आली. रंगनाथ म्हणाला, "मास्तर, आजपासून गुंडी म्हणायचं. माझी आय गुंडीच म्हणायची." मी 'बरं' म्हटलं. शब्द काही वाईट नाही, माझ्याही आईच्या तोंडी तोच होता. पण तो प्रेमानं आलेला नव्हता, भीतीनं आलेला होता, आणि रोज कानाला टोचायचा. कोणी नवं गिऱ्हाईक मोठ्यानं बटण म्हणालं की रंगनाथ दाराकडं बघायचा. हाताला मात्र काही झालं नव्हतं. काजं तशीच, एकसारखी.

पडताळणीला ठाण्यात बोलावणं आलं. ठाणं तेच, घुगे साहेबांचं, कारण घर त्याच हद्दीत. आदल्या संध्याकाळी रंगनाथनं मुलीला दुकानात बसवून शिकवलं. "वडील काय करत्यात म्हणले, तर म्हणायचं शिवणकाम."

सोनाली म्हणाली, "तुम्ही शिवता कुठं, आबा?"

"मग नोकरी म्हण. दुकानात नोकरी. ते मधलं काय सांगत बसू नको."

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, उद्या तुम्ही चला बरोबर."

रंगनाथही आला, पण फाटकापर्यंत. तिथं लिंबाच्या झाडाखाली पिशवी छातीशी धरून उभा राहिला. "तुमी जा आत. मी हाय इथं." मी पुष्कळ सांगितलं. नाय म्हणाला.

आत एक हवालदार कागद बघत होते. नाव, पत्ता, शिक्षण झालं. मग तो प्रश्न आला. "वडील काय करतात?"

सोनाली ताठ उभी राहिली. "काज-बटण करतात."

हवालदारांचं पेन थांबलं. पलीकडच्या टेबलावरचा एक जण फिस्सकन हसला. तिनं तिकडं बघितलंही नाही. म्हणाली, "वर्दीच्या दुकानात. काजं करतात आणि बटणं लावतात. पेपरात ज्यांचं नाव आलं होतं ना, ते माझेच वडील. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगितलं."

मी भिंतीकडं बघायला लागलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसायला नको होते. त्या मुलीनं पायाची कातडी काढून जे मिळवलं होतं, ते तिनं एका वाक्यात टेबलावर मांडून ठेवलं होतं, आणि समोरचा माणूस काय करेल हे तिला माहीत नव्हतं.

घुगे साहेब केबिनच्या दारात उभे होते. किती वेळ होते कोण जाणे. म्हणाले, "वडलांवर गुन्हा नाही. ते तुला सांगायची गरज नव्हती, ह्यांना विचारायचीही नाही." मग विचारलं, "कुठं आहेत ते?"

"बाहेर, फाटकापाशी."

"आत का नाही आले?"

सोनालीनं दाराकडं बघितलं. "त्यांना वाटतं, ते आत आले तर माझं नुकसान होईल."

साहेबांनी आपल्या खिशाकडं बघितलं. निमित्त काढलं की काय मला माहीत नाही, पण त्यांच्या खिशाच्या झाकणाचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. तयार कपड्यांचं हे असंच असतं. त्यावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या माणसाजवळ सुई-दोरा असतो का?"

"झोपतानाही असतो, साहेब."

"मग बोलवा त्यांना."

मी व्हरांड्यात येऊन हात केला. रंगनाथ आधी मागं बघायला लागला, दुसऱ्याच कोणाला बोलावतोय असं वाटून. मग सावकाश चालत आला. फाटकावरच्या शिपायानं नेहमीच्या सवयीनं हात आडवा केला.

"पिशवीत काय आहे?"

रंगनाथ थांबला. त्याच्या ओठांवर 'गुंडी' आलेली मला तिथून दिसली. माझ्या मागं सोनाली येऊन पायरीवर उभी राहिली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"बटणं," तो म्हणाला. "सुई-दोरा हाय. साहेबांनी बोलावलंय."

शिपाई बाजूला झाला.

साहेब खुर्चीत बसले, रंगनाथ त्यांच्यासमोर वाकून उभा राहिला. तिकडं हवालदारांनी कागद पुढं ओढला आणि वडलांच्या व्यवसायापुढं तिनं सांगितलेलं तसंच्या तसं लिहिलं, शेवटी 'प्रतिकूल काही नाही' लिहून साहेबांची सही घेतली. सोनालीची निवड पक्की झाली आणि तिच्या वर्दीसाठी ठेवलेलं कापड मी दिवाळीच्या आत शिवायला घेतलं. तिच्या खांद्यावरच्या पट्टीची काजं करायला तिच्या बापानं जितका वेळ घेतला तितक्यात तो एरवी एका चौकीच्या वर्द्या संपवतो. आज मी दुकान मुलाकडं दिलंय, रंगनाथही थकलाय, आणि गुंडी हा शब्द परत आमच्या आयांच्या आठवणीत जाऊन बसलाय.

पण मला राहून-राहून ती खोलीच आठवते. रंगनाथनं जुना दोरा काढला, नवा ओवला, बटणाला मान दिली, वेढे घेतले, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. साहेबांनी बटण धरून ओढून पाहिलं आणि विचारलं, "पक्कं झालं का?"

रंगनाथनं सुई डबीत ठेवली. "आता वर्दी फाटंल, साहेब," तो म्हणाला, "पन बटण नाय निघायचं."